उदगीरची सोयरीक आणि गवताची काडी

रेवणप्पानं माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, बशी खाली ठेवायच्या आत जे मागितलं, ते आजवर माझ्या दारात कोणी मागितलं नव्हतं.

"ईनबाई," तो म्हणाला, "सोमवारी सुपारी फोडून टाकू. पण त्याआधी तुमच्या सुनबाईनं गळ्यातलं लिंग चार माणसांत दाखवावं. आणि नांदेडला जाणं बंद करते म्हणून स्वामींपुढं बोलावं."

सुपारी अजून फुटली नव्हती आणि हा मला ईनबाई म्हणून, विहीण करून मोकळा झाला होता. मी एरवी असल्या माणसाला उंबऱ्याबाहेर चप्पल घालायला वेळ देत नाही. पण त्या दिवशी मी तोंड मिटून बसले. आत स्वयंपाकघरात माझी पोरगी गौरा कान लावून उभी होती, आणि लग्न तिचं होतं.

गौराची दोन स्थळं आधीच मोडली होती. एकाला पोरगी सावळी वाटली. दुसऱ्यानं दुष्काळाचं निमित्त केलं. लातूर जिल्हा झाला, गुलाल उधळला, आणि पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. तूर पिकली नाही, आमची डाळीची मिल दिवसाआड बंद, लोक कार्य पुढं ढकलून राहिले होते. अशात उदगीरच्या रेवणप्पाचं स्थळ चालून आलं. आडतीचं दुकान, आणि पोरगा मल्लिकार्जुन नव्या कलेक्टर कचेरीत लागलेला. रोज आमच्या गल्लीवरून सायकलीनं जायचा. रस्ता त्याचा नव्हता, तरी जायचा. गौरा त्याच्या घंटीवरून ओळखायची आणि नेमकं तेव्हाच तिला अंगणात वाळवणाकडं बघायचं असायचं. मला डोळे आहेत.

म्हणून रेवणप्पाला मी एवढंच विचारलं, "माझ्या सुनेवर एवढी वक्रदृष्टी कशापायी?"

"मी सांगत न्हाई ईनबाई, आमची शिवम्मा सांगते." शिवम्मा म्हणजे त्याची भावजय. "पोरीच्या बाळंतपणाला नांदेडला गेली होती. चर्चच्या कंपाउंडावरून जाताना बघितलं तिनं. तुमची सून जमिनीवर बसलेली. डावा हात असा पुढं. तळहाताकडं बघून राहिली, ओठ हलून राहिले. म्होरं पाद्री उभा. पाद्र्यानं हात केला, आणि हिनं हातातलं त्याच्या हातात दिलं."

तो सांगायचा थांबला.

आम्हा लिंगायतांत लिंग एकदा गळ्यात आलं की उतरत नाही. झोपताना नाही, आजारपणात नाही, बाळंतपणात नाही. पूजेपुरतं चांदीच्या करडगीतून, म्हणजे गळ्यातल्या डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्याकडं एकटक बघायचं, ओठातल्या ओठात नाव घ्यायचं, आणि परत गळ्यात. तळहाताकडं बघत ओठ हलवणारी बाई आमच्या माणसानं बघितली तर त्याला दुसरं काही सुचायचंच नाही. आणि ते उचलून पाद्र्याच्या हातात द्यायचं म्हणजे काय, ते मी तोंडानं बोलत नाही.

"सोमवारी या," मी म्हणाले. "तेव्हा बोलू."

तो गेल्यावर गौरा बाहेर आली. "अव्वा, वैनी तसं करणार न्हाई."

"मी म्हणाले का केलं म्हणून?"

"तुझं तोंड म्हणून राहिलंय."

उमादेवी माझी सून, देगलूरची. कॉलेजात झाडापाल्याचं शास्त्र शिकवते. मी दुसरीतून शाळा सोडलेली, पण शिकलेली सून मीच पसंत करून आणली, सिद्धेश्वरनं नाही. माझा लेक डाळ कोणत्या शेतातली ते चावून सांगेल, बायको त्याला निवडता आली नसती. तर या बाईला त्या कोरड्या साली माळावर, खडकाच्या चिरेत, एक गवत सापडलं. सगळं करपलेलं आणि हे हिरवं. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी बघून सांगितलं की असलं गवत आजवर जगात कोणी नोंदवलेलं नाही. नाव द्यायचा मान तुमचा. पण त्याचं वर्णन लॅटिनमध्ये लिहायला पाहिजे, जगभरच्या लोकांचा तसा नियम आहे. दुसऱ्या भाषेत लिहिलं तर ते गवत नसल्यात जमा.

मी त्यातली मूठभर काडी गाईपुढं टाकून बघितली. गाईनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "तुझ्या गवताची परीक्षा झाली बघ," मी उमाला म्हणाले. तिला हसू आलं, पण तिनं नाद सोडला नाही.

ही भाषा लातुरात कोणाला येत नव्हती. नांदेडला एक म्हातारा पाद्री शिकवायला तयार झाला. दर रविवारी पहाटेच्या एस्टीनं ती जायची, दिवेलागणीला परत. घरी भाकरी थापताना तिची पुटपूट चालायची. प्लांता, प्लांते, प्लांताम. कोठीच्या दारावर आतून खडूनं ओळी लिहून ठेवलेल्या, पीठ काढताना वाचायची. मी एकदा विचारलं हे काय, तर म्हणाली, "आत्याबाई, शब्द तोच, शेवट बदलतो. झाड म्हणायला एक शेवट, झाडाचं म्हणायला दुसरा, झाडाला म्हणायला तिसरा."

"हे तर आपण रोज करतो," मी म्हणाले. आमच्या घरात आम्ही बायका कानडीच बोलतो. "मने, मनेगे, मनेयिंद, मनेयल्लि. घर, घराला, घरातून, घरात. आपलं शेंबडं पोर बी चुकत न्हाई. त्याला नांदेडला कशाला जावं लागतंय?"

"शेंबड्या पोराला आई असती आत्याबाई. या भाषेला आता आईच न्हाई. पुस्तकात न्हाईतर पाद्र्याकडंच शिकायची."

तेव्हा मी ते बोलणं हसण्यावारी नेलं. आता रेवणप्पा येऊन गेल्यावर मला तीच पुटपूट खुपायला लागली. उमा पूजा तिच्या खोलीत, सगळ्यांच्या आधी उठून करायची. मी कधी दार लोटून बघितलं नव्हतं. आता मी तिच्या मानेकडं बघायला लागले. वाकली की काळा दोरा दिसायचा. पण बारकं बघायचं भिंग ती काळ्याच दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, हे मला माहीत होतं. तो दोरा भिंगाचा की लिंगाचा? विचारलं असतं तर एका शब्दाचं काम. पण सासूनं सुनेला असलं विचारायचं म्हणजे अर्धं रेवणप्पासारखंच झालं. मी विचारलं नाही आणि जेवण गोड लागेना.

सिद्धेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, "अव्वा, तू म्हणशील तसं."

"मी म्हणते ते तर आजवर चाललंच. तुझं काय म्हणणं हाय? बायको तुझी हाय."

"तिनं दाखवलं तर मिटतंय का?" एवढं बोलून तो मिलकडं गेला.

शनिवारी रात्री जेवताना मी उमाला म्हणाले, "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

तिचा घास हातात थांबला. रेवणप्पा काय बोलून गेला ते गौरानं तिला सांगितलेलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. "या," ती म्हणाली. बास.

एस्टीत आम्ही शेजारी बसलो. खिडकीतून नुसती उघडी रानं. ढेकळं तशीच्या तशी, नांगरट केलेली आणि पेरलेलं काही नाही. उमाचे ओठ हलत होते. नंतर माझं लक्ष गेलं तसे थांबले. ते थांबले म्हणून मला जास्त राग आला.

नांदेडच्या त्या कंपाउंडात मोठा लिंब होता. मला फाटकाजवळच्या बाकावर बसवून ती पलीकडं हापशाकडं गेली. सांडपाण्यावर तिथं थोडं हिरवं जगलं होतं. पाद्री आला. पांढरा झगा, पायात रबरी चप्पल, वाळक्या शेंगेसारखा माणूस. उमा जमिनीवर बसली. पदराखालून तिनं दोऱ्याला बांधलेलं काहीतरी ओढून काढलं. डावा तळहात पुढं केला. मान खाली. ओठ हलायला लागले.

शिवम्मानं सांगितलं होतं तसंच. हुबेहूब.

पाद्र्यानं हात पुढं केला. उमानं तळहातावरचं उचलून त्याच्या हातात ठेवलं.

मी कधी उठले मला कळलं नाही. चप्पल बाकाखालीच राहिली. एवढं अंतर मी अनवाणी, खड्यांवरून गेले आणि पाद्र्याच्या हाताकडं बघितलं.

गवताचा तुरा होता. बोटाच्या पेराएवढा.

उमाच्या उजव्या हातात पितळी भिंग होतं. ती वर मान करून माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं मी काय बघायला आले ते. मला वाटलं जमीन फाटावी, पण त्या साली ती आधीच फाटलेली होती, आणि तरी मला जागा दिली नाही.

"या तुमच्या सासूबाई?" पाद्री म्हणाला. चांगलं मराठी बोलायचा, वसईकडचा होता. "बसा आई. तुमची सून आज लई चुकणार आहे, साक्षीला कोणीतरी पाहिजेच."

मी तिथंच खाली बसले. आता गेले असते तर जास्त वाईट दिसलं असतं.

तो माणूस माझ्याहून तिखट निघाला. तुरा वर धरून विचारायचा, "हे काय?" उमा सांगायची. "कोणाचं?" सांगायची. "कशानं वेगळं? त्या दुसऱ्या गवतापासून हे कशानं वेगळं?"

"फोलिया..."

"फोलिया म्हणजे पानं. मी विचारलं, कशानं?"

"फोलिईस. पानांनी."

"हां. पानांनी. कसल्या पानांनी? पान अरुंद, तर 'अरुंद' हा शब्दपण तसाच वळायला पाहिजे. बैलाच्या जोडीत एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, असं गाडं चालतं का?"

मग क्रियापद आलं. फुलतं म्हणायला फ्लोरेत, फुलतात म्हणायला फ्लोरेन्त. उमानं उलटं केलं.

"मास्तरीणबाई! गवत एक, आणि फुलतात अनेक? तुमच्या नव्या जिल्ह्यात चालत असेल. इथं नाही चालत."

माझ्या सुनेला कॉलेजात पोरं उभी राहून नमस्कार करतात. इथं ती शाळकरी पोरीसारखी बोलणी खात होती, कान लाल झालेले, आणि परत पहिल्यापासून सुरू करत होती. मला राहवलं नाही. "अहो, एवढं घालून पाडून बोलायला काय झालं? शिकून राहिली की बिचारी."

"आई, हे छापून गेलं की जगभरचे लोक वाचणार. तिथं चुकलं तर कोणी बोलणारसुद्धा नाही, नुसतं हसतील. त्यापेक्षा मी बोललेलं बरं." तो माझ्याकडं बघून बोलत होता, पण नजर थोडी बाजूला पडत होती. तेव्हा लक्षात आलं, त्याला नीट दिसत नव्हतं. तुरा तो बोटांनी चाचपत होता. हात पुढं करायचा तो त्यासाठी.

निघताना तो उमाला म्हणाला, "पुढचा रविवार शेवटचा. मग मला वसईला नेणार आहेत, डोळ्यांचं आता काही राहिलं नाही. सगळं वर्णन घेऊन या. तुम्ही वाचा, मी ऐकतो. कानांनी अजून चुका दिसतात."

परतीच्या एस्टीत गर्दी होती. उमाला खिडकी मिळाली, ती मला देऊन ती कडेला बसली. बरंच पुढं आल्यावर म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही मला एकदा बी विचारलं न्हाई."

"आता बी विचारत न्हाई."

"हाय गळ्यात. देगलूरला दीक्षा झाली तेव्हापासून हाय."

"मी विचारलं का?"

"न्हाई. मी सांगितलं."

मी खिडकीबाहेर बघितलं. मग ती हळूच म्हणाली, "उद्या मी दाखवते त्यांना. माझं काय जातंय? आणि नांदेडला जात न्हाई म्हणून बी सांगते. गौराचं घर बसू द्या."

"आणि तुझं गवत?"

"अर्धंमुर्धं जमलंय. बाकीचं कोण तपासून देणार? पाठवलं आणि चुकीचं निघालं तर परत येईल. तोवर दुसऱ्या कुणाला सापडलं तर तो नाव देईल." ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "गाय बी खात न्हाई, तुम्हीच म्हणालात."

मी तेव्हा हो म्हणाले. लपवत नाही, मी म्हणाले, "दाखव. एकदाचं मिटू दे." एका बाजूला गवत आणि एका बाजूला पोटची पोरगी. कोणत्या आईनं दुसरं काही म्हटलं असतं?

सोमवारी रेवणप्पा आला तो वऱ्हाड घेऊन आल्यासारखा. स्वामी, दोन भाऊबंद, शिवम्मा आणि मल्लिकार्जुन. पोरगा इस्त्रीच्या शर्टात खाली बघत बसला. सतरंजी टाकलेली होती. गौरा ताटात सुपारी, साखर, कुंकू घेऊन दाराशी उभी. नवी साडी नेसली होती. चहा आला. कोणी उचलला नाही.

"सुनबाईला बोलवा," रेवणप्पा म्हणाला.

उमा आली. स्वामींच्या पाया पडली. उभी राहून तिनं पदर मानेपासून थोडा सारला आणि दोरा ओढून करडगी बाहेर काढली. चांदी लखलखली. सिद्धेश्वरनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. स्वामी म्हणाले, "झालं. शंका फिटली. सुपारी फोडा."

फुटलीच असती. पण रेवणप्पानं खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला आणि पुढं सरकला.

"वरची चांदी कोणाला बी दिसते स्वामी. आत काय हाय कोण सांगावं? आमची शिवम्मा म्हणते दिलं म्हणून. दोरा सोडा सुनबाई, उघडून स्वामींच्या हातात द्या. बघू द्या सगळ्यांना."

स्वामींनी आपला हात उचलून मांडीखाली घेतला. "रेवणप्पा, दुसऱ्याच्या अंगावरचं लिंग मी उतरवून घेत न्हाई."

"मग खाली ठेवू द्या. ताटात ठेवू द्या. पण उतरवू द्या. माझ्या घरात पोरगी येणार हाय, मला खात्री नको?"

ताटात. माझ्या पोरीच्या हातातल्या ताटात, सुपारीशेजारी.

उमानं माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते, तरी तिची बोटं दोऱ्याच्या गाठीकडं गेली. गौरासाठी ती तेही करायला निघाली होती. मी उठले आणि तिचा हात धरला. "थांब."

"आत्याबाई, होऊन जाऊ द्या..."

"थांब म्हणते ना. पदर घे."

मग मी मल्लिकार्जुनकडं वळले. "लेकरा, तू शिकलेला हायेस. नव्या कचेरीत बसतोस. तुझा बाप काय मागून राहिला ते ऐकलंस. तुला काय वाटतं ते सांग. तू बापाला 'नको' म्हणालास तर मी हे सगळं विसरीन आणि आत्ता सुपारी फोडीन. माझा शब्द हाय."

त्याची मान वर आली. गौराकडं बघितलं, मग बापाकडं. ओठ उघडले. मी वाट बघितली. देवाशप्पथ, मी मनातून त्याला ढकलत होते, बोल बाबा, एवढं एक बोल. रेवणप्पा खाकरला. पोरानं मान खाली घातली आणि सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळायला लागला.

मी गौराकडं बघायचं टाळत होते. पण बघावंच लागलं. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. ती त्याच्याकडं बघत होती, लई वेळ. मग ताट घेऊन पाठमोरी झाली आणि आत गेली. आत ओट्यावर ताट ठेवल्याचा आवाज आला. आपटलं नाही तिनं. ठेवलं.

"हे काय?" रेवणप्पा उभा राहिला. "ईनबाई, पोरीला बोलवा. आम्ही उठून गेलो तर तिसरं स्थळ मोडलं म्हणतील लोक. परत कोण येणार हाय तुमच्या दारात?"

"ईनबाई म्हणू नका," मी म्हणाले. "ते नातं झालं न्हाई आणि आता होत न्हाई. नीट ऐका रेवणप्पा. त्या पाद्र्यानं माझ्या सुनेकडून गवताची काडी मागून घेतली, ती बी डोळ्यांनी दिसत न्हाई म्हणून. अंगावरचं लिंग उतरव म्हणणारं माझ्या घरात आजवर कोणी आलं असेल तर ते तुम्ही. वाईट माणूस म्हणत न्हाई मी तुम्हाला. पण तुमच्या घरात सून रोज झडती देऊनच भाकरी खाणार, आणि तुमचं पोरगं सतरंजीकडं बघत बसणार. माझी पोरगी मी असल्या घरात देत न्हाई. सोयरीक या शरणम्मानं मोडली, उदगीरला असंच सांगायचं. 'आम्ही मोडली' म्हणालात तर मी स्वतः येऊन तुमच्या दुकानाम्होरं उभी राहून सांगीन. आणि शिवम्माबाई, येत्या रविवारी आम्ही दोघी परत नांदेडला जाणार हाव. बघायचं असेल तर यावेळी रस्त्यावरून बघू नका, आत या. आता उठा सगळे. स्वामी, तुम्ही जेवून जा."